पांढऱ्यातलं पांढरं

चरबीतून आवाज सेकंदाला सुमारे चौदाशे चाळीस मीटर जातो. दुधाच्या ग्रंथींतून थोडा जलद.

*

कोऱ्या कापडातला तुटलेला धागा समोरून दिसत नाही. कापडाखाली दिवा लावायचा, मान डावीकडे कलवायची आणि नजर धाग्यावर न ठेवता धाग्याच्या शेजारी ठेवायची. मग तो आपणहून वर येतो.

*

स्वप्न. छतापर्यंत पिंजलेल्या कापसानं भरलेली खोली. कुणीतरी आत गेलेलं आहे. कापूस हलत नाही.

*

दोन लाख चाळीस हजार चित्रं. तिसरं बटण: अकरा वेळा.

*

"डोळं गेलं काय गं तुझं?"

*

कार्ड हिरवं आहे. त्यावर एकच शब्द आहे.

*

या सगळ्याच्या मधोमध सुवर्णा हावळ बसलेली आहे. वय चव्वेचाळीस. इचलकरंजीतला हा हॉल तोच, जिथं ती अठरा वर्षं कापड तपासायची. खिडक्याही त्याच, उंच, उत्तरेकडच्या, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर जागचा हलत नाही. पूर्वी टेबलांवरून मागावरचं कोरं कापड सरकायचं आणि बायका त्यातले दोष शोधून सुईनं भरायच्या. त्यांना मेंडिंगवाल्या म्हणत. मग मागांवर कॅमेरे बसले. सुटलेला धागा कॅमेऱ्याला माग चालू असतानाच दिसायला लागला, आणि चौतीस बायका एका महिन्यात घरी बसल्या.

दोन वर्षांनी त्याच हॉलमध्ये संगणकाचे पडदे आले. केंद्राचं नाव 'दुसरी नजर'. गावोगाव फिरणाऱ्या गाड्यांमध्ये चाळिशीपुढच्या बायकांच्या स्तनांची क्ष-किरण चित्रं काढतात, मॅमोग्राफी म्हणतात तीच. चित्र आधी यंत्र वाचतं. यंत्राची खात्री झाली नाही की ते इथं येतं, या बायकांच्या नजरेखालून जातं, आणि त्यांनी खूण केली तर पुढं डॉक्टरांकडं. पांढऱ्या कापडातला पांढरा दोष ओळखणारी माणसं जगात फार नाहीत, असं कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. ते खरंच होतं. पहिल्या वर्षी या बायकांनी डॉक्टरांच्या हातून सुटलेल्या एकतीस गाठी धरल्या. हॉलमध्ये पेढे वाटले गेले.

यंत्राला बायका 'धाकटी' म्हणतात. टेबलाशी नवीन आलेली पोरगी शेजारी बसून, काही न विचारता, नुसती बघून शिकते. धाकटीही तशीच. कुणी कोणतं बटण दाबलं ते ती बघते आणि रोज थोडी थोडी त्यांच्यासारखी होत जाते. आता चौदा जिल्ह्यांत ती बहुतेक चित्रं एकटीच वाचते.

बटणं तीन आहेत. पास. दोष. दिसत नाही.

*

अक्का म्हणजे पद्मावती हावळ. सुवर्णाची थोरली जाऊ, वय एक्कावन्न, टेबल नंबर एक. लग्न होऊन आलेल्या सुवर्णाला हॉलमध्ये अक्कानंच आणलं होतं. पहिल्याच दिवशी समोर खळ जास्त झालेलं पॉपलीन आलं, पुठ्ठ्यासारखं. सुवर्णानं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "अक्का, मला दिसंना."

अक्कानं इकडंतिकडं बघितलं आणि टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला.

"असं म्हणायचं न्हाई."

"मग काय म्हणू?"

"बघतेय म्हण."

"आणि तरी न्हाई दिसलं तर?"

"तर पास. टेबलावर दिसलं न्हाई ते कापडात न्हाई. दिसंना म्हटलीस की दिवाणजी उद्यापासनं सुताच्या कांड्या भरायला बसवतील. आणि चष्मावाली म्हणून नाव पडंल ते येगळंच."

कापडाच्या बाबतीत हे चालून जायचं. राहिलेला धागा कुणाच्या तरी परकरात जायचा आणि परकर टिकायचा.

*

चित्रात चरबी काळसर दिसते, कारण क्ष-किरण तिच्यातून सहज निघून जातात. ग्रंथी आणि तंतू किरणांना अडवतात म्हणून पांढरे दिसतात. गाठही पांढरी दिसते. काळ्यावर पांढरं लगेच सापडतं. पण पुष्कळ बायकांच्या स्तनांत चरबी कमी आणि ग्रंथी-तंतू जास्त असतात. त्यांना दाट स्तन म्हणतात. हा आजार नाही. आकारावरून ते ओळखता येत नाही, हात लावूनही नाही. चित्र काढल्यावरच कळतं. शंभरातल्या चाळीसेक जणींचे असे असतात, आणि त्यातल्या दहा जणींचे जवळजवळ पूर्ण पांढरे. दाटपणामुळं गाठ होण्याची शक्यताही थोडी वाढते. म्हणजे जिथं जास्त बघायला हवं तिथंच कमी दिसतं.

सुवर्णाला ही पूर्ण पांढरी चित्रं आवडायची. ती आली की खुर्ची जमिनीपासून जराशी सुटल्यासारखी वाटायची. हॉलमधलं बोलणं लांब जायचं. एकदा तिला त्यात थंडीतली पंचगंगा दिसली, पैलतीर नसलेली. एकदा ओट्यावर सांडलेलं पीठ. एकदा वाळत घातलेल्या धोतरांची रांग, आणि धोतरांमागं कुणीतरी उभं, फक्त पावलं दिसणारं. ती त्या पावलांपाशी जायला निघायची.

एका चित्राला नऊ सेकंद.

मग बोट पहिल्या बटणावर जायचं.

पास.

*

डॉ. तरन्नुम बागवान तपासणी मोहिमेच्या डॉक्टर. मंगळवारी सकाळी त्या हॉलमध्ये आल्या, हातात एकच कागद. त्यांच्यामागून केंद्राचे व्यवस्थापक मगदूम आले. मागाच्या काळात ते इथंच दिवाणजी होते, म्हणून अजून सगळ्या त्यांना दिवाणजीच म्हणतात.

"चार वर्षांत तुमच्याकडं दोन लाख चाळीस हजार चित्रं आली," डॉक्टर म्हणाल्या. "तिसरं बटण अकरा वेळा दाबलं गेलंय."

"अकरा वेळा कोण दाबलं ते सांगू काय मॅडम?" महादेवी म्हणाली. तिचं टेबल खिडकीजवळ आणि जीभ कायम चालू. "माझ्या बटणांवर चहा सांडलेला त्या दिवशी."

हॉल हसला. डॉक्टरही हसल्या.

"किती वेळा दाबायला हवं होतं सांगते. अगदी पूर्ण पांढरी तेवढीच धरली तरी चोवीस हजार वेळा."

हसणं थांबलं.

डॉक्टरांनी समोरच्या भिंतीवर एक चित्र लावलं. पांढरं. भिंतीच्या चुन्यात आणि चित्रात फरक होता तो फक्त कडेला.

"काय दिसतंय?"

"पास," तीन-चार टेबलांवरून आलं.

मग दुसरं चित्र. हे वेगळंच होतं, निळसर आणि मऊ, पाण्यात दूध ओतताना दिसतं तसं. त्यात वरच्या बाजूला एक गोळा घट्ट बसला होता.

"दोष," अक्का सगळ्यांच्या आधी म्हणाली. "डावीकडं, वर."

"बरोबर. मावशी, दोन्ही चित्रं एकाच बाईची. एकाच आठवड्यातली. दुसरं पाण्यातल्या तपासणीचं आहे. पण हे पांढरं तिचं पहिलं चित्र नव्हे. चौदा महिन्यांपूर्वी काढलेलंही असंच पांढरं होतं. तेव्हा आपण तिला 'पास'चं हिरवं कार्ड पाठवलं. कार्ड आहे म्हणून ती निश्चिंत राहिली. परत आली तेव्हा गाठ लिंबाएवढी होती."

कुणीतरी खुर्ची सरकवली.

"म्हणजे दोष आमच्या डोळ्यांचा," अक्का म्हणाली.

"नाही. तिथं कुणालाच दिसलं नसतं. मलाही नाही. दिसत नाही एवढं कुणी म्हणालं असतं तर तिला पाण्यात पाठवलं असतं. तुम्ही म्हणाला नाहीत, आणि तुमचं बघून यंत्रही म्हणत नाही. चौदा जिल्ह्यांत ते एकदाही म्हणालेलं नाही. तिसरं बटण असतं हेच त्याला कुणी दाखवलं नाही."

"मॅडम, तुम्ही डॉक्टर," अक्का उभी राहिली. अक्का उभी राहिली की हॉल बसतो. "तुम्ही दिसंना म्हटलं तर लोक म्हणतील, बघा, किती सरळ बाई. आम्ही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं. एकदा कॅमेऱ्यानं घालवलंय आम्हाला. आता तुम्ही घालवणार काय?"

डॉक्टरांनी दिवाणजींकडं पाहिलं. दिवाणजी फरशी बघत होते. केंद्राचं काम पुढं चालू राहणं हे दर महिन्याच्या तक्त्यातल्या खात्रीच्या टक्क्यावर अवलंबून होतं, आणि तिसऱ्या बटणानं खात्री खाली येते, हे त्यांना ठाऊक होतं. बायकांनाही ठाऊक होतं.

*

पाणी असं.

एका गाडीत एक पलंग, पलंगाला भोक, भोकाखाली कोमट पाण्याचं भांडं. बाई पालथी झोपते. स्तन पाण्यात लोंबतो. दाबणं नाही, किरण नाहीत. भांड्याभोवती एक कडं वरून खाली सरकतं. कड्यातून आवाज निघतो, कानाला ऐकू येणार नाही इतका बारीक, आणि पलीकडं पोचतो. चरबीतून हळू, ग्रंथीतून जलद, गाठीतून बहुधा आणखी जलद. कुठून आलेला आवाज किती लवकर पोचला यावरून आतला नकाशा तयार होतो. किरणांना जे सगळं एकसारखं पांढरं, ते आवाजाला एकसारखं नसतं.

क्ष-किरणांचं चित्र यानं रद्द होत नाही. कधीकधी गाठीआधीची खूण असणारे चुन्याचे बारीक कण त्यातच दिसतात. दोन्ही लागतात. पण गाड्या थोड्या आणि बायका फार, म्हणून पाण्यात कुणाला पाठवायचं ते आधी कुणीतरी सांगावं लागतं.

म्हणजे कुणीतरी तिसरं बटण दाबावं लागतं.

*

सुवर्णानं ते बुधवारी दाबलं. साडेदहाला.

पडद्यावर प्रश्न आला: नक्की?

हो.

टेबलावरचा पिवळा दिवा लागला. तो असतो हेच सगळ्या विसरल्या होत्या. पडद्यावरचं चित्र सरकून गेलं. कुणाचं होतं? माहीत नाही. नावं इथं येत नाहीत, नुसता आकडा येतो. कुठल्यातरी गावात एक बाई या वेळी भांडी घासत असेल, किंवा शाळेत फळा पुसत असेल, आणि तिला ठाऊक नसेल की आपल्याविषयी आत्ता कुणीतरी, पहिल्यांदाच, खरं बोललं.

"आली गं बाई चष्मावाली," महादेवी म्हणाली.

दुपारपर्यंत दिवा सतरा वेळा लागला. प्रत्येक वेळी तेहेतीस माना वळायच्या. बत्तीस. अक्काची वळली नाही.

संध्याकाळी अक्का एकटीच निघाली, नेहमीच्या वाटेनं नाही, नाट्यगृहाच्या बाजूनं. घरी ती सुवर्णाशी बोलली नाही, भांड्यांशी बोलली. "कुणाला भाकरी पायजे असली तर टोपलीत हाय," तव्याला सांगितलं. "कुणाला लईच दिसंनासं झालं असंल तर डोळ्याचा डॉक्टर जनता चौकात बसतोय," हे चिमट्याला.

"वहिनी, हिला काय बोलायचं ते सरळ बोला की," सुवर्णाचा नवरा म्हणाला.

"मी कुणाला काय बोलतेय? मी चिमटा घासतेय."

*

शुक्रवारी सुवर्णा स्वतः पाण्यात गेली. आपण बायकांना कुठं पाठवतोय ते आधी बघावं म्हणून.

पाणी कोमट होतं, अंगाइतकंच. काही वेळानं अंग कुठं संपलं आणि पाणी कुठं सुरू झालं ते कळेना. बाहेर कुठंतरी माग चालू होते, त्यांची खडखड पाण्यातून लांबून, ओली होऊन येत होती. कडं खाली सरकलं. आपल्यातून काहीतरी आरपार जातंय आणि आपल्याला ते ऐकू येत नाही, याचं तिला नवल वाटलं. एवढी वर्षं तिनं बाहेरून बघितलं होतं. कुणीतरी आतून विचारत होतं, आहेस का, कशी आहेस, आणि उत्तर येईपर्यंत थांबत होतं. घाई नव्हती. नऊ सेकंद नव्हते. तिला त्या वाळत घातलेल्या धोतरांपाशी पोचता आलं. तिनं एक धोतर बाजूला केलं. मागं दुसरं होतं.

"झालं ताई," गाडीतली मुलगी म्हणाली. "तुमचं सगळं छान आहे. तुमचं तर साध्या चित्रातही स्वच्छ दिसतं, तुम्हाला पाण्याची गरज नव्हती खरं म्हणजे."

सुवर्णा पदर सारखा करत पायरीवर बसली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यासमोर फ्रिजवर चुंबकानं लावलेलं हिरवं कार्ड आलं. अक्काचं. अकरा महिन्यांचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला अक्का ते दाखवायची: बघा, आमच्याच हॉलनं पास केलंय.

चित्र कसं होतं, हे कार्डावर लिहिलेलं नसतं.

*

रविवार, दुपार. अक्का स्वयंपाकघरात सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. सुवर्णा समोर बसली.

"अक्का, तुमचं चित्र दाखवा."

"कसलं?"

"तपासणीचं. मोबाइलवर असतंय. तुमचा अंगठा लागतोय."

चार दिवसांत पहिल्यांदाच अक्का भांड्यांना सोडून तिच्याशी बोलली. "पास हाय ते."

"कुणी पास केलं?"

"धाकटीनं." एक खडा बाजूला काढला. "नायतर आपल्यातल्याच कुणीतरी. तू नायतर मी."

"म्हणून तर बघायचंय."

"चोवीस वर्षं झाली. बघायला तुला मी शिकवलं. आता मला शिकवतीस व्हय?"

"न्हाई. बघा म्हणतेय फक्त. तुमच्याइतकं चांगलं कोण बघतंय?"

हे खरं होतं. अक्कानं पदराला हात पुसला आणि अंगठा टेकवला. सुवर्णानं मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला.

पांढरं.

"हे मी?" अक्का म्हणाली.

"हे तुम्ही."

अक्कानं मान डावीकडे कलवली. तिला सांगावं लागलं नाही, मान आपली आपणच गेली. खिडकीतून येणारा उजेड सुपावरून सरकला. ती त्या पांढऱ्यात शिरत होती, एकेक टाका चाचपत, कडेपासून आत, जशी ती आयुष्यभर शिरत आली होती, पण या वेळी कापड तिचंच होतं. तिच्या ओठांची हालचाल सुवर्णाला दिसत होती. बायका मोजताना करतात तशी. मग तीही थांबली.

"काय दिसतंय, अक्का?"

"बघतेय."

"बघा."

कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. सुवर्णानं उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसली.

"इथं दिवाणजी न्हाईत," ती म्हणाली. "महादेवी न्हाई. मी एकटीच हाय."

"दिवाणजीचं न्हाई गं." अक्काचा आवाज एकदम लहान झाला. "पास म्हटलं की तिथं काय नसतंय. दिसंना म्हटलं तर... मग असू शकतंय."

सुवर्णानं सूप स्वतःकडं ओढलं आणि तांदूळ निवडायला घेतले. एक खडा. एक न सोललेला दाणा. अक्का चित्राकडं बघत राहिली.

"सुवर्णे."

"हं."

"दिसंना मला."

*

सोमवारी सकाळी अक्काला थेट गाडीकडं न्यायचं होतं. ती ऐकेना. "आधी कामावर. कामाचं कामाला."

टेबल नंबर एक. पहिली तीन चित्रं पास. चौथ्याला दोष, नीट खूण करून. पाचवं पांढरं आलं. अक्कानं बघितलं, तिला हवा तेवढा वेळ, आणि तिसरं बटण दाबलं. तिचा दिवा लागला.

तेहेतीस माना वळल्या. चष्मावाली म्हणायची कुणाची टाप नव्हती.

"दिवाणजी," अक्का पडद्यावरून नजर न काढता मोठ्यानं म्हणाली, "मला दिसलं न्हाई. लिहून घ्या. आणि माझं टेबल हलवायचं असंल तर आजच हलवा, उद्याला मी रजेवर हाय."

दिवाणजींनी टेबल हलवलं नाही. उठून ते तिच्या खुर्चीपाशी आले, पडद्यात वाकून बघितलं, चष्मा काढून, पुसून, परत लावून बघितलं.

"मलाही न्हाई दिसत, पद्माबाई," ते म्हणाले.

"तुम्हाला कवा दिसत हुतं," महादेवी म्हणाली, आणि बोलता बोलता तिचाही दिवा लागला. साडेअकरापर्यंत हॉलमध्ये सहा दिवे होते, मग चौदा, लागत आणि विझत. उत्तरेच्या उजेडात पिवळा रंग फिका दिसतो. पण दिसतो.

*

धाकटीला शिकायला एकोणीस दिवस लागले.

विसाव्या दिवशी, दोनशे कोसांवरच्या एका गावात, जिचं नाव या हॉलमध्ये कुणालाही कधी कळणार नाही अशा एका बाईच्या मोबाइलवर पिवळं कार्ड आलं. मजकूर डॉक्टर बागवानांनी लिहिला होता, आणि सुवर्णानं त्यातले कठीण शब्द काढायला लावले होते:

*तुमचे स्तन दाट आहेत. हा आजार नाही, पुष्कळ बायकांचे असतात. पण त्यामुळं तुमच्या चित्रात आम्हाला नीट दिसत नाही. काही नाही असं आम्ही म्हणत नाही, काही आहे असंही म्हणत नाही. पाण्यातली तपासणी करून घ्या. दुखत नाही. तारीख खाली दिली आहे. कुणाला सोबत न्यावंसं वाटलं तर न्या.*

त्या महिन्यात केंद्राची खात्री शहाण्णव टक्क्यांवरून एकसष्टवर आली. डॉक्टर बागवान मुंबईला मोहिमेच्या मुख्य कचेरीत जाऊन दोन दिवस भांडल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा घसा बसला होता, आणि खात्रीचा रकाना तक्त्यातून काढून टाकलेला होता.

*

पण त्याच्या कितीतरी आधी, अक्कानं दिवा लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती गाडीच्या पलंगावर पालथी झोपली होती. लुगड्याची घडी करून सुवर्णाकडं दिली होती, वर मंगळसूत्र, त्यावर घड्याळ. पडदा ओढलेला होता. पडद्याच्या अलीकडं स्टुलावर सुवर्णा.

"गार हाय काय?" सुवर्णानं विचारलं.

"न्हाई. बाळंतिणीच्या न्हाणीतलं असतंय तसं हाय."

"हलू नका हं मावशी," गाडीतली मुलगी म्हणाली.

"किती येळ?"

"दहा मिनिटं एका बाजूला."

"दहा मिनिटात मी अख्खा तागा बघते." मग पलंगात तोंड खुपसलेला, जाड झालेला आवाज. "सुवर्णे. हाईस न्हवं?"

"हाय अक्का."

"बोलत ऱ्हा कायतरी."

"काय बोलू?"

"कायबी. महादेवीनं काय आणलेलं डब्यात ते सांग."

सुवर्णा सांगायला लागली. महादेवीनं ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती, चटणीत लसूण जास्त झालेला, आणि ते कबूल करायला ती तयार नव्हती. कडं वरून खाली सरकायला लागलं. पाण्यावर एक बारीक वलय उठलं, कडेपर्यंत गेलं आणि परत आलं. अक्का हसली असावी, कारण मुलगी पुन्हा म्हणाली, हलू नका. सुवर्णानं आवाज खाली आणला आणि सांगत राहिली, हळू, एकेक शब्द ठेवत, लसणाचं, चटणीचं, खिडकीजवळच्या टेबलाचं, आणि पडद्याच्या पलीकडून पाण्याचा आवाज येत राहिला, किंवा आला नाही.

गाठ डाव्या बाजूला होती, नऊ मिलिमीटरची.

त्याला दहा वर्षं झाली. अक्का आता एकसष्ट वर्षांची आहे.